अकरा महिन्यांचा करार आणि बाराव्या महिन्याचं भांडण

एप्रिल-मे महिना आला की पाटोद्यासारख्या तालुक्याच्या गावात एक विषय हमखास निघतो. घरमालक म्हणतात, "करार संपला, आता भाडं वाढवा, नाहीतर खोली मोकळी करून द्या." भाडेकरू म्हणतात, "चार वर्षं झाली, एक महिना भाडं थकवलं नाही, आता एकाएकी कुठं जायचं?" मग मोहल्ल्यातले दोन वडीलधारे मध्ये पडतात, जुम्म्याच्या नमाजनंतर बैठक होते. कधी दोनशे-चारशे रुपयांवर तडजोड होते, तर कधी दोन घरांचं बोलणंचालणं कायमचं तुटतं.

हे भांडण बाहेरून भाड्याच्या रकमेचं दिसतं. खरं तर ते मुदतीचं आहे. करारात तारीख लिहिलेली असते, पण ती तारीख आल्यावर काय करायचं हे कुणीच लिहिलेलं नसतं. मालक समजतो की तारीख संपली म्हणजे जागा आपोआप त्याच्या हातात आली. भाडेकरू समजतो की आपण नियमित भाडं देतो म्हणजे पुढचा करार आपल्या हक्काचा आहे. कायदा या दोघांच्याही समजुतीला पूर्ण साथ देत नाही. म्हणूनच हा विषय घरातल्या सगळ्यांनी एकदा नीट समजून घ्यावा, असं आम्हाला वाटतं.

दोन्ही बाजू आपल्याच

पाटोद्यात भाड्यानं राहणारा कोण आहे ते बघा. बदलीवर आलेले शिक्षक, बँकेतले कर्मचारी, दवाखान्यातल्या नर्सताई, एसटीचे वाहक. त्यांच्याबरोबर आसपासच्या गावांतून केवळ मुलांच्या शाळेसाठी आलेली कुटुंबं. बाजारपेठेत टेलर, गॅरेजवाले, वेल्डिंगवाले, मोबाईल दुरुस्तीवाले, बांगडीवाले, बेकरीवाले. यातल्या बहुतेकांचं दुकान भाड्याच्या गाळ्यात आहे.

आणि मालक कोण? प्रत्येक मालक शेठ-सावकार नसतो. पुढच्या दोन खोल्यांच्या भाड्यावर औषधपाणी चालवणारी विधवा बहीण असते. निवृत्तीच्या पैशातून वर एक मजला चढवलेले चाचा असतात. आखाती देशात बारा वर्षं राबून आलेल्या मुलानं बांधलेले दोन गाळे असतात. तीन भावांच्या सामाईक वाड्यातली एक खोली असते. त्यांनाही भीती असते. "भाडेकरू बसला तर उठणार नाही, कोर्टात पिढी जाईल," ही भीती ऐकीव गोष्टींवर उभी असली तरी ती अगदी बिनबुडाची नाही. मुंबईतल्या जुन्या चाळींचे खटले वर्षानुवर्षं चालल्याचं सर्वांनी ऐकलेलं आहे.

म्हणजे एकाच मोहल्ल्यात एका घरचा मालक दुसऱ्या गावात भाडेकरू असतो. पाटोद्यात खोली भाड्यानं देणाऱ्याचा मुलगा पुण्यात किंवा छत्रपती संभाजीनगरात शिकायला जातो आणि तिथं घर शोधताना आडनाव ऐकून दोन-तीन दारं बंद होतात, हा अनुभव आपल्याकडे नवा नाही. पर्याय कमी असले की माणूस करारातल्या अटी विचारायला कचरतो. "मिळालं ना घर, मग गप्प राहा," असं घरचेच सांगतात. पर्याय कमी असतो तेव्हाच कागद पक्का असणं जास्त गरजेचं असतं.

हा अकरा महिन्यांचा हिशेब आला कुठून?

१९०८ च्या नोंदणी कायद्यातील कलम १७ प्रमाणे एक वर्षापेक्षा जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावा लागतो. एक वर्षाच्या आत ठेवलं की नोंदणीची कटकट नको, या विचारातून अकरा महिन्यांची पद्धत देशभर रुळली. शंभर रुपयांचा स्टँप पेपर आणायचा, टायपिंगवाल्याकडून छापील मजकूर भरून घ्यायचा, दोन साक्षीदारांच्या सह्या घ्यायच्या, झालं.

महाराष्ट्रात मात्र ही पळवाट उरलेली नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ हा ३१ मार्च २००० पासून अमलात आला. त्याच्या कलम ५५ नुसार भाडेकरार असो की 'लिव्ह अँड लायसन्स', तो लेखी असला पाहिजे आणि नोंदणीकृतही असला पाहिजे. मग मुदत अकरा महिन्यांची असो की पाच. नोंदणी करून घेण्याची जबाबदारी कायद्यानं मालकावर टाकली आहे. ती न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की करार नोंदलेला नसेल तर जागा कोणत्या अटींवर दिली याबाबत भाडेकरू जे म्हणेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, खरं धरलं जातं. थोडे पैसे वाचवायला कोऱ्या स्टँपवर काम भागवणारा मालक स्वतःचीच बाजू लंगडी करून घेतो.

हा कायदा येण्यापूर्वी मराठवाड्यात निजामाच्या जुन्या राज्याचा वारसा म्हणून १९५४ चा हैदराबाद घरभाडे नियंत्रण कायदा होता, विदर्भात वेगळा आणि मुंबईकडे वेगळा. १९९९ च्या कायद्यानं हे तिन्ही एकत्र केले. तो अनुसूचीत दिलेल्या शहरां-गावांना आणि जुने कायदे जिथं लागू होते त्या भागांना लागू होतो. म्हणून वाद झालाच तर वकिलांना पहिला प्रश्न हाच विचारावा की आपली जागा या कायद्याखाली येते का. जिथं तो येत नाही, तिथं १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा आणि करारातला मजकूर यांवर निकाल ठरतो.

तारीख संपली की काय होतं?

आता मुख्य मुद्दा. आपण ज्याला सरसकट 'भाडेकरार' म्हणतो, त्यात दोन वेगळे प्रकार आहेत. एक भाडेपट्टा. त्यात जागेवर मुदतीपुरता भाडेकरूचा हक्क तयार होतो. दुसरा लिव्ह अँड लायसन्स, म्हणजे वापरण्याची नुसती परवानगी. यात जागेवर कसलाही हक्क तयार होत नाही. आज राहत्या घरांचे बहुतेक करार या दुसऱ्या प्रकारचे असतात. सही करणाऱ्याला वाटतं आपण भाडेकरू झालो, पण कागदावर तो परवानाधारक असतो.

परवान्याची मुदत संपली की राहती जागा परत देणं बंधनकारक आहे. १९९९ च्या कायद्याचं कलम २४ सांगतं की मुदतीनंतरही जागा न सोडणाऱ्याला ठरलेल्या रकमेच्या दुप्पट दरानं नुकसानभरपाई द्यावी लागते आणि मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करून ताबा मागू शकतो. महिना चार हजार ठरले असतील तर मुदतीनंतरच्या प्रत्येक महिन्याचे आठ हजार. "मी चार वर्षं वेळेवर भाडं दिलं," हे सांगून ही जबाबदारी टळत नाही.

भाडेपट्टा असेल तर चित्र थोडं वेगळं आहे. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम १११ प्रमाणे मुदत संपली की पट्टा संपतो. पण भाडेकरू तिथंच राहिला आणि मालकानं पुढचं भाडं स्वीकारलं, तर कलम ११६ खाली तो पट्टा पुढं चालू झाल्याचं धरलं जाऊ शकतं. घर-दुकानाच्या बाबतीत तो महिन्या-महिन्याचा होतो आणि मग कलम १०६ प्रमाणे पंधरा दिवसांची नोटीस देऊन संपवता येतो. भाडेकरूला यातून थोडा श्वास मिळतो, पण वर्षाची शाश्वती मिळत नाही. मालकाचंही कोडं होतं. एकीकडे "करार संपला" म्हणायचं आणि दुसरीकडे दर महिन्याला पैसे खिशात टाकायचे, हे दोन्ही एकत्र चालत नाही.

थोडक्यात सांगायचं तर ठरावीक मुदतीच्या करारात पुढच्या मुदतीचा हक्क आपोआप येत नाही. तो हवा असेल तर पहिल्याच दिवशी लिहून घ्यावा लागतो.

पण कुलूप लावायचा हक्क कुणालाच नाही

मुदत संपली म्हणून मालकानं सामान रस्त्यावर टाकावं, कुलूप बदलावं, असाही अर्थ होत नाही. वीज-पाणी तोडून भाडेकरूला जेरीस आणणं १९९९ च्या कायद्याच्या कलम २९ नं मना केलेलं आहे. कायदेशीर मार्ग न वापरता कुणाला ताब्यातून हुसकावलं, तर १९६३ च्या विशिष्ट अनुतोष कायद्याच्या कलम ६ खाली सहा महिन्यांच्या आत दिवाणी दावा करून ताबा परत मागता येतो. तिथं मालकी कुणाची हा प्रश्न नसतो, बेकायदा हुसकावलं का एवढंच बघितलं जातं. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यात भाड्याची पावती देणं मालकाला बंधनकारक केलेलं आहे. पावती मागणं म्हणजे अविश्वास दाखवणं, ही समजूत आपण मनातून काढून टाकली पाहिजे.

कराराची तारीख आणि शाळेची तारीख

आता ज्या बाजूकडे वकील, दलाल आणि टायपिंगवाले फारसं बघत नाहीत, पण आम्हा शिक्षकांना ती दरवर्षी वर्गात दिसते, तिच्याकडे येऊ.

अकरा महिन्यांचा करार दर खेपेला एक महिना मागं सरकतो. समजा एखाद्या कुटुंबानं १ जून २०२२ ला घर घेतलं. पहिला करार ३० एप्रिल २०२३ ला संपला. परीक्षा होऊन गेलेल्या, काही बिघडलं नाही. दुसरा १ मे २०२३ ते ३१ मार्च २०२४. तिसरा १ एप्रिल २०२४ ते २८ फेब्रुवारी २०२५. म्हणजे तिसऱ्या कराराची अखेर नेमकी दहावी-बारावीच्या परीक्षेच्या दिवसांत आली. चौथा संपला ३१ जानेवारी २०२६ ला. कुणीही मुद्दाम काही केलेलं नाही, पण भाड्याची बोलणी आता ऐन अभ्यासाच्या दिवसांत सुरू होतात. घरात आईवडील "सोडायचं की राहायचं" यावर बोलत असतात आणि मुलगी कोपऱ्यात बीजगणिताचं पुस्तक उघडून बसलेली असते.

अशी मुलं फेब्रुवारीत अचानक गैरहजर राहायला लागतात. घर लांब गेलेलं असतं, नाहीतर कुटुंब परत गावी गेलेलं असतं. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम ५ प्रमाणे मधल्या काळात शाळा बदलली तरी दाखला तातडीनं मिळाला पाहिजे आणि दाखल्याला उशीर झाला म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. कागदावर मूल सुरक्षित आहे. पण नवी शाळा, नवे शिक्षक, आणि उर्दू माध्यमातलं मूल असेल तर नव्या ठिकाणी उर्दू शाळा आहे की नाही हाच प्रश्न. मुलींच्या बाबतीत घरापासून शाळा लांब गेली की शिक्षण थांबवण्याचं निमित्त लगेच सापडतं.

दुसरी गोष्ट. आरटीईखाली २५ टक्के राखीव जागांवर प्रवेशासाठी अर्ज करताना भाड्यानं राहणाऱ्या पालकांकडून रहिवासाचा पुरावा म्हणून नोंदणीकृत भाडेकरार मागितला जातो. साध्या स्टँप पेपरवरचा करार तिथं चालत नाही. पाच-पाच वर्षं एकाच खोलीत राहणाऱ्या कुटुंबाकडेही जर नोंदलेला कागद नसेल, तर मुलाचा अर्ज अडतो. मालक "नोंदणी कशाला, आपण घरचेच आहोत" म्हणतो तेव्हा त्याची किंमत अशी कुठंतरी भरावी लागते.

यावर उपाय अवघड नाही. करार अकराच महिन्यांचा असावा असा कुठलाही कायदा नाही. तो दोन वर्षांचा करा आणि शेवटची तारीख ३१ मे ठेवा. मध्येच घर घेतलं असेल तर पहिला करार कमी-जास्त महिन्यांचा करून ३१ मे वर आणून ठेवा. लिव्ह अँड लायसन्सवर मुद्रांक शुल्क किती लागतं ते बघा. साठ महिन्यांपर्यंतच्या करारासाठी एकूण भाडं आणि परत मिळणाऱ्या अनामत रकमेवर वर्षाला १० टक्के धरून आलेली रक्कम, यांच्या बेरजेवर ०.२५ टक्के. भाडं चार हजार, अनामत वीस हजार, मुदत दोन वर्षं असेल तर भाडं झालं ९६ हजार, अनामतीवरचे धरले चार हजार, एकूण एक लाख. त्यावर शुल्क २५० रुपये. नोंदणी फी ग्रामीण भागात ५०० आणि शहरी भागात १,००० रुपये. कागद तयार करून देणाऱ्याची मजुरी वेगळी. दोघांनी निम्मी-निम्मी वाटून घेतली तर दोन वर्षांच्या निवांतपणासाठी ही रक्कम जड नाही.

गाळ्याचं दुखणं वेगळं

राहतं घर बदललं तर सामान हलतं. दुकान बदललं तर गिऱ्हाईक हलतं, आणि ते नव्या जागी येईलच असं नाही. गॅरेजवाल्यानं दहा वर्षं एका कोपऱ्यावर बसून नाव कमावलेलं असतं. त्या नावामुळं त्या जागेचा भाव वाढतो आणि मग तो वाढलेला भाव त्याच्याकडूनच मागितला जातो. मालकाच्या बाजूनं बघितलं तर शेजारच्या गाळ्याला दुप्पट भाडं मिळत असताना त्यानं जुन्या दरात का द्यावं, हेही खोटं नाही.

आपल्या भागात धंद्याचं गणित ऊसतोडीच्या हंगामाशी बांधलेलं आहे. दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाकडून उचल मिळते तेव्हा बाजारात पैसा येतो. टोळ्या कारखान्यांवर गेल्या की गावं ओस पडतात आणि दुकानदाराचा गल्ला आटतो. अशा मंदीच्या महिन्यात कराराची तारीख आली तर वाढीव अनामत भरायला दुकानदाराकडे पैसाच नसतो. तारीख ठरवतानाच हंगाम बघितला असता तर निम्मा वाद टळला असता.

छापील करारांत एक वाक्य हमखास असतं: मुदत संपल्यावर उभयतांच्या संमतीने कराराचे नूतनीकरण करता येईल. दुकानदाराला हे वाक्य वाचून धीर येतो. पण त्याचा अर्थ एवढाच की एकानंही नाही म्हटलं तर नूतनीकरण नाही. खरा आधार हवा असेल तर असं लिहून घ्यावं लागेल: दुकानदारानं मुदत संपण्याच्या तीन महिने आधी लेखी कळवलं आणि त्याची थकबाकी नसेल, तर मालक अमुक इतक्या मुदतीसाठी, अमुक टक्के भाडेवाढीनं करार वाढवून देईल. वाढीचा आकडा आधीच लिहिला की मालकालाही दरवर्षी तोंड वाजवावं लागत नाही.

पगडीचंही असंच. मोठी रक्कम देऊन गाळा घेतला म्हणून तो कायमचा झाला, असं अनेकांना वाटतं. १९९९ च्या कायद्याच्या कलम ५६ नं पगडी घेण्या-देण्याला मान्यता दिली आहे, पण रक्कम दिल्याचा कागदच नसेल आणि हातात फक्त अकरा महिन्यांचा परवाना असेल, तर कोर्टात त्या रकमेचा काय उपयोग? रोखीनं, तोंडी, "अल्लाहच्या भरवशावर" दिलेली रक्कम पुढच्या पिढीला सिद्ध करता येत नाही.

मुदत संपल्यानंतरचा घोळ किती लांबू शकतो हे बघायचं असेल तर जळगावचं उदाहरण डोळ्यांसमोर आहे. तिथल्या महापालिकेच्या व्यापारी संकुलांतल्या दोन हजारांहून अधिक गाळ्यांची मुदत २०१२ मध्ये संपली. नूतनीकरण कोणत्या दरानं, लिलाव करायचा की जुन्याच गाळेधारकांना द्यायचं, दंड किती, यावर वाद झाला. प्रकरण उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापर्यंत गेलं, राज्य सरकारला महापालिकांच्या जागांच्या नूतनीकरणासाठी वेगळे नियम करावे लागले, आणि तरीही दहा वर्षांनंतर गाळेधारक आणि पालिका दोघंही हिशेबच करत होते. पालिकेचं उत्पन्न अडकलं आणि दुकानदारांच्या डोक्यावर थकबाकीचा डोंगर चढला. एवढी मोठी यंत्रणा असलेल्या महापालिकेत हे होतं, तर दोन माणसांच्या तोंडी व्यवहारात काय होईल?

मशिदीचे आणि दर्ग्याचे गाळे

पालिकेच्या गाळ्यांबद्दल बोलताना स्वतःच्या अंगणाकडेही बघायला हवं. अनेक गावांत मशीद किंवा दर्ग्याच्या जागेवर गाळे आहेत, त्यांच्या भाड्यातून इमाम साहेबांचा पगार, मकतबचा खर्च आणि वीजबिल निघतं. इथं मालक म्हणजे आपण सगळेच.

सच्चर समितीनं २००६ च्या अहवालात देशातल्या सुमारे ४ लाख ९० हजार नोंदणीकृत वक्फ मालमत्तांचा हिशेब मांडला होता. सुमारे ६ हजार कोटी रुपयांच्या पुस्तकी किमतीवर वर्षाचं उत्पन्न अवघं १६३ कोटी, म्हणजे २.७ टक्के. प्रत्यक्ष बाजारभावाची किंमत समितीनं १ लाख २० हजार कोटींच्या घरात धरली होती. इतकं कमी उत्पन्न का? अतिक्रमण आणि गैरव्यवहार ही कारणं आहेतच. पण वर्षानुवर्षं न वाढलेलं भाडं आणि कधीच नवे न केलेले करार, हेही कारण आहे. आजोबांनी घेतलेला गाळा नातू चालवतो आणि भाडं आजोबांच्याच काळातलं देतो. भाडेवाढीची गोष्ट काढली की "जमातचा गाळा आहे, जमातच्याच माणसाला त्रास देता?" असं विचारलं जातं. त्याच तोंडानं आपण इमाम साहेबांच्या तुटपुंज्या पगाराबद्दल हळहळतो.

कायद्याची बाजू तर अधिक कडक आहे. १९९५ च्या वक्फ कायद्यात २०१३ मध्ये झालेल्या दुरुस्तीनं 'अतिक्रमण करणारा' या व्याख्येत ज्याच्या भाडेपट्ट्याची किंवा परवान्याची मुदत संपली आहे अशा माणसालाही धरलं. म्हणजे चाळीस वर्षं बसलेला प्रामाणिक दुकानदार, केवळ नूतनीकरण झालं नाही म्हणून, कागदावर अतिक्रमण करणाऱ्यांत जाऊ शकतो. त्याचबरोबर एक वर्षापेक्षा जास्त मुदतीचा पट्टा वक्फ मंडळाच्या आधी घेतलेल्या मंजुरीशिवाय देता येत नाही. मुतवल्ली साहेबांनी किंवा कमिटीनं आपल्या सहीनं दहा वर्षांसाठी गाळा दिला आणि मंजुरी घेतली नाही, तर तो कागद दुकानदाराला वाचवत नाही.

२०२५ च्या दुरुस्ती कायद्यानं वक्फ मालमत्तांचा तपशील 'उमीद' पोर्टलवर भरायला सांगितलं. हे पोर्टल ६ जून २०२५ ला सुरू झालं. त्या कायद्याबद्दल समाजाचे आक्षेप आहेत आणि काही तरतुदींवर सर्वोच्च न्यायालयानं १५ सप्टेंबर २०२५ ला अंतरिम आदेशही दिला. तो विषय वेगळा आहे. इथं सांगायचं एवढंच की या तपशिलात जागेचा वापर काय, ताब्यात कोण आहे आणि वर्षाचं उत्पन्न किती, हेही विचारलेलं आहे. ज्या कमिट्यांनी करार अद्ययावत ठेवले त्यांना हे सोपं, आणि ज्यांनी ठेवले नाहीत त्यांची पंचाईत. कमिटीनं आणि गाळेधारकांनी एकत्र बसून, बाजारभाव बघून, टप्प्याटप्प्यानं वाढीचा आकडा ठरवावा आणि छत्रपती संभाजीनगरच्या वक्फ मंडळाकडून रीतसर मंजुरी घ्यावी. यात दोघांचंही भलं आहे.

लिहून घेणं म्हणजे अविश्वास नव्हे

"आपसात काय लिहायचं?" हे वाक्य आपल्याकडे शराफतीचं लक्षण समजलं जातं. पण दीनची शिकवण तशी नाही. सूरह बकराच्या २८२ व्या आयतमध्ये मुदतीचा उधारीचा व्यवहार लिहून ठेवायला आणि साक्षीदार ठेवायला सांगितलं आहे. इजारा, म्हणजे भाड्याच्या व्यवहाराबद्दल फिकहमध्ये मूळ अटच ही आहे की भाडं किती आणि मुदत किती हे दोघांनाही स्पष्ट माहीत असलं पाहिजे. "बघू पुढं, वाढवू थोडंफार" हा व्यवहार त्या अटीत बसवणं कठीण आहे. भाड्यानं घेतलेली जागा ही भाडेकरूच्या हातातली अमानत आहे, मुदत संपल्यावर ती अडवून ठेवणं अमानतीत बसत नाही. आणि गरजू माणसाची अडचण बघून ऐनवेळी दुप्पट भाडं मागणं इन्साफमध्ये बसत नाही.

मग करायचं काय?

आमच्या मते मोहल्ल्यात एक साधा दस्तूर पाडता येईल. मुदत संपण्याच्या तीन महिने आधी दोघांनीही आपला इरादा लेखी सांगायचा. व्हॉट्सअॅपवरचा मेसेजही ठेवायचा, पण सही असलेलं पत्र उत्तम. घराच्या कराराची अखेर ३१ मे ला आणि गाळ्याची धंद्याच्या हंगामात. वाढीची टक्केवारी पहिल्याच करारात. भाडं शक्यतो बँकेतून किंवा यूपीआयनं, नाहीतर पावती घेऊनच. अनामत किती, ती किती दिवसांत परत, त्यातून काय कापायचं, हे सगळं लिहिलेलं. घर घेताना भिंती, नळ, विजेची फिटिंग यांचे मोबाईलवर फोटो काढून दोघांकडे ठेवायचे, म्हणजे अनामत परत करताना रंगावरून आणि नळावरून वाद होत नाही.

केंद्रीय मंत्रिमंडळानं २ जून २०२१ ला मंजूर केलेल्या आदर्श भाडेकरू कायद्यात घराची अनामत दोन महिन्यांच्या भाड्यापुरती, दुकानाची सहा महिन्यांपुरती, आणि मुदतीनंतर न सोडल्यास पहिले दोन महिने दुप्पट व नंतर चौपट भाडं, अशी चौकट आहे. राज्यानं स्वीकारल्याशिवाय तो लागू होत नाही. पण आपसात करार करताना त्यातली अनामतीची मर्यादा नमुना म्हणून वापरायला कुणाची हरकत असायचं कारण नाही.

वाद झालाच तर थेट भांडणाआधी तालुका विधी सेवा समितीकडे जावं. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार महिलांना, त्यांचं उत्पन्न कितीही असलं तरी, मोफत कायदेशीर मदत मिळू शकते, मग ती मालकीण असो की भाडेकरू. दावा दाखल होण्यापूर्वीच लोकअदालतीत तडजोड करता येते आणि ती तडजोड न्यायालयाच्या हुकूमनाम्याइतकी पक्की धरली जाते. मोहल्ल्यातल्या वडीलधाऱ्यांची बैठक जरूर व्हावी, पण बैठकीत ठरलेलं त्याच दिवशी कागदावर यावं, नाहीतर पुढच्या वर्षी कुणाला काय आठवतं यावरून नवं भांडण उभं राहतं.

येत्या ३१ मे पर्यंत आपल्या घरात किंवा दुकानात कुठला करार संपणार आहे, तो आज कपाटातून बाहेर काढा. त्यावर तारीख कुठली आहे, नोंदणी झाली आहे का, नूतनीकरणाबद्दल नेमके शब्द काय आहेत, एवढ्या तीन गोष्टी बघा. मग मालक असाल तर भाडेकरूला आणि भाडेकरू असाल तर मालकाला चहाला बोलवा. बोलायला अजून वेळ शिल्लक असतो तेव्हा माणसं समजूतदारपणे बोलतात.